वजनाच्या सकाळी प्यायलेलं पाणी

घाटकोपरला आमचा ज्युदोचा क्लास एका शाळेच्या हॉलमध्ये भरायचा. शिकवायच्या त्या मॅडम दिवसा पोस्टात नोकरी करायच्या आणि संध्याकाळी आमची हाडं खिळखिळी करायच्या. मी एकोणीस वर्षांची, हट्टी, आणि मला राज्याच्या संघात जायचंच होतं, अठ्ठेचाळीस किलोच्या गटात. वजन होतं एक्कावन्न.

तीन किलो उतरवायची आमची रीत ठरलेली होती. ट्रॅकसूटच्या आत रेनकोट घालून टेकडीच्या पायऱ्या चढायच्या-उतरायच्या, मग दोन तास सराव, आणि शेवटचे दोन दिवस पाणी बंद. घसा फारच कोरडा पडला तर नुसती चूळ भरायची. अंग ठणकलं की गोळी. मॅडमनी स्वतः असंच वजन उतरवून पदकं मिळवली होती, त्यामुळे शंका काढायची कुणाची टाप नव्हती.

निवडीच्या दिवशी सकाळी लघवी बिनदुधाच्या चहासारखी झाली. आम्हा मुलींत याला मेहनतीची खूण मानायचे. वजनकाट्याच्या रांगेत मी मॅडमना हे तोऱ्यात सांगितलं. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं.

त्यांचा चेहरा उतरला. "पाठ दुखतेय?"

"अख्खं अंग दुखतंय. पण शंभरच ग्रॅम राहिलेत ना."

त्यांनी स्वतःची बाटली उघडून माझ्या हातात दिली. "पी."

"मॅडम, प्यायले तर वजन वाढेल. सहा महिने मर मर मेलेय मी."

"पी गं. किडनीची वाट लागेल."

प्यायले. मनातल्या मनात त्यांना नाही नाही ते बोलले. त्यांनी मला रिक्षात घालून सरळ हॉस्पिटल गाठलं. अति सरावाने स्नायू तुटले होते, त्यांचा गाळ रक्तात उतरला होता आणि पाण्यावाचून किडन्यांना तो बाहेर टाकता येत नव्हता, असं डॉक्टरांनी समजावलं. चार दिवस सलाईन लागलं. उशीर झाला असता तर डायलिसिसची वेळ आली असती. संघात दुसरी मुलगी गेली.

पंधरा दिवसांनी मॅडमनी क्लासमध्ये सगळ्यांच्या आईवडिलांना बोलावलं. आता सगळ्यांसमोर माझी हजेरी घेणार, असं धरून मी बसले होते.

"हिच्या किडन्या मी धोक्यात घातल्या," त्या म्हणाल्या. "मला शिकवलं तेच मी शिकवलं. ते चूक होतं. यापुढे इथे कुणीही पाणी तोडायचं नाही."

एका वडिलांनी विचारलं, "मग पोरी हरणार नाहीत का?"

"काही हरतील," त्या म्हणाल्या.

मी पुष्कळ दांडगे खेळाडू पाहिलेत. पण भरल्या हॉलमध्ये स्वतःची चूक अशी सरळ सांगणारं माणूस तेवढं एकच पाहिलं.

ज्युदोत नमस्काराला शिष्याने गुरूसमोर आधी वाकायचं असतं. त्या दिवशी मॅडम माझ्यासमोर येऊन आधी वाकल्या, आणि बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही.