मावशी जेवत का नाहीत?

तिला सगळे चौकशीबाई म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे. कुणाकडे गेली की चपला कुणाच्या, भिंतीवर खिळा आहे तर फोटो कुठे गेला, हे सगळं विचारून होईपर्यंत हिचा चहा गार. नवरा म्हणायचा, "अगं, जरा श्वास घे!" पण या खोडीनेच तिला काम मिळवून दिलं. ज्यांना आपलं बरंवाईट स्वतः ठरवता येत नाही, त्यांच्या वतीने बोलायचं. ती ना दवाखान्याची, ना नातलगांची. फक्त त्या माणसाच्या बाजूची.

वृद्धाश्रमातल्या मावशींसाठी तिला बोलावलं होतं. डोक्यात रक्तस्राव झाल्यापासून मावशींची वाचा गेली होती, एक हात लुळा पडला होता, समजही जेमतेम. हल्ली त्या जेवतच नव्हत्या. घास तोंडाशी नेला की ओठ घट्ट. गिळायला त्रास नव्हता, तपासण्याही ठीक. शेवटी डॉक्टरांनी पोटात नळी घालायचं जवळजवळ ठरवलं होतं. मावशींनी ती ओढू नये म्हणून चांगला हातही बांधावा लागला असता.

"त्यांना जगायचंच नाहीये," परिचारिका म्हणाली.

चौकशीबाईचं डोकंच फिरलं. अहो, परस्पर ठरवून मोकळ्या? तिने मावशींच्या भाच्याला फोन लावला. "मावशींना खायला काय आवडतं हो?"

"काय माहीत बुवा! तिला जेवताना आम्ही कधी पाहिलंच नाही. जन्मभर कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक केला तिने. शेवटचा माणूस उठेपर्यंत ताटाला शिवायची नाही. घरीसुद्धा तेच. आई वैतागायची."

आणि इथे? भरवायला वेळ लागतो म्हणून मावशींना सगळ्यांच्या आधी जेवण! चौकशीबाईने कपाळावर हात मारला.

डॉक्टर भला माणूस. तिचं ऐकून म्हणाले, "उद्या त्यांना सगळ्यांच्या शेवटी वाढून बघू. पण नाही जमलं तर नळी."

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशींची खुर्ची जेवणाच्या हॉलमध्ये आणली. एकेक टेबल रिकामं झालं. परिचारिकांनीही जेवून घेतलं. मग मावशींसमोर ताट आलं. ओठ घट्टच.

आपलंच चुकलं की काय, चौकशीबाईला वाटलं. मावशी तिच्याकडे टक लावून बघत होत्या. मग चांगल्या हाताने त्यांनी ताट हळूच तिच्यापुढे सरकवलं.

"अगं बाई! मी कुठे जेवलेय!"

ती तिथेच जेवायला बसली. भाजीत मिठाचा पत्ता नव्हता, तरी ताट स्वच्छ केलं. मावशींसाठी दुसरं ताट आलं. तेही त्यांनी सरकवलं, आता घड्याळ बघत उभ्या असलेल्या डॉक्टरांकडे.

"मला जरा घाई..."

"बसा हो डॉक्टर," चौकशीबाई म्हणाली. "तुम्ही उपाशी असताना त्या घास घ्यायच्या नाहीत."

डॉक्टर बसले, जेवले, हात धुऊन आले. मावशींनी हॉलभर एकदा नजर फिरवली. कुणी राहिलं नव्हतं. मग त्यांनी समोर आलेलं नवं ताट जवळ ओढलं आणि स्वतःच्या हाताने जेवायला सुरुवात केली.