प्लास्टरवरची सही

दुपारचं जेवण आटोपून मी पलंगावर आडवा झालोय. छातीवर निबंधांचा गठ्ठा आहे. हाडांचे डॉक्टर होऊ पाहणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची स्पर्धा, विषय ‘रुग्णानं मला काय शिकवलं’. परीक्षक मी एकटाच. पाच वाजता निकालासाठी फोन येणार आहे.

एक निबंध मी उशीखाली सरकवलाय. रेवती उगले नावाच्या मुलीचा. वॉर्डात एका पोरीच्या हाताला प्लास्टर होतं, बोटं गार लागत होती, पण मोठ्या डॉक्टरांना सांगायला रेवती घाबरली. हात कायमचा आखडला. शेवटचं वाक्य : ‘चूक माझी होती.’ असलं स्पर्धेत चालत नाही, तिचंच नुकसान होईल, असं मी स्वतःला समजावलंय. बक्षीस रोबोटच्या शस्त्रक्रियेवरच्या निबंधाला द्यायचं ठरवलंय. ओली झाली की जांभळी उमटणारी कॉपिंग पेन्सिल सवयीनं जिभेला लावतो, आणि डोळे जड होतात.

पलंगाखाली पाणी वाजतं. बादलीत प्लास्टरचा रोल बुडवून सोपानमामा बसलेत. आमच्या सरकारी रुग्णालयातल्या प्लास्टर खोलीचे मामा. प्लास्टर घालायला मला त्यांनीच शिकवलं. त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली.

“या सायेब. पाणी निवलं की.”

“मामा, तुम्ही तर...”

“मेलोय. ठावं हाय मला. तळव्यानं चोळा, बोटं रुतवू नका. किती येळा सांगायचं?”

मी चोळू लागतो. भिंत सरकते. शनिवारी माझ्याकडे हाडं शिकायला येणारी गल्लीतली मुलं त्याच ओल्या फरशीवर रांगेत बसलीत.

“मुलांनो, मूठ मिटा. आता उघडा.”

सगळी उघडतात. पुढच्या रांगेत, लाल रिबिनी बांधलेल्या एका पोरीची मूठ मिटलेलीच. शेवंता. आठ वर्षांची, चिंचेवरून पडलेली.

“तू का नाही उघडत, बाळ?”

“उघडलीय की,” ती म्हणते.

मला तिच्याकडे बघवत नाही. वळतो तर मी, शेवंताच्या हाताची चौकशी चालली होती त्या खोलीबाहेरच्या बाकावर आहे. शेजारी मामा, कोपरापर्यंत पांढरे.

“त्या दिवशी मी काय म्हनालो हुतो, सायेब?”

“बोटं गार पडल्यात, प्लास्टर फोडू का.”

“आन तुमी?”

“सकाळी बघू म्हणालो.”

“आन आत चौकशीत?”

आत मी सांगितलं होतं, की प्लास्टर मामांनी आवळलं. मामांनी मान डोलावली होती. निवृत्तीपर्यंत मग ते धुलाईखात्यात चादरी मोजत राहिले.

“मामा, तुम्ही हो का म्हणालात?”

“तुमी शिकत हुता. वाटलं, गडी फुडं पोरांना नीट शिकवंल.” ते हसतात. “शिकवलंसा न्हवं?”

“चाळीस वर्षं शिकवलं.”

“ह्ये बी?”

मी हातांवरचं ओलं प्लास्टर पुसू लागतो.

मामा बादलीत हात घालून शेवंताच्या प्लास्टरचा कापलेला तुकडा काढतात. आमच्या खोलीचा नियम होता : ज्यानं प्लास्टर घातलं त्यानं त्यावर कॉपिंग पेन्सिलनं तारीख घालून सही करायची. हा तुकडा चौकशीआधी हरवला होता.

“कुनाची सही हाय?”

“माझी.”

“मग वाचा की मोठ्यानं. पोरं बसल्यात.”

मी तोंड उघडतो. जीभ वाळलेल्या प्लास्टरसारखी घट्ट झालीय. लाल रिबिनींची पोर वाट बघते.

जाग येते. पाचला दहा कमी आहेत. निबंध जमिनीवर विखुरलेत. उशीखालचा मात्र माझ्या हातात आहे. ‘चूक माझी होती’च्या खाली जांभळ्या अक्षरात माझी सही, आणि शेवंताला प्लास्टर घातलं त्या दिवसाची तारीख.

ओल्या अंगठ्यानं मी ती पुसू पाहतो. रंग आणखी गडद होतो. म्हणूनच तर मामा आम्हाला ही पेन्सिल द्यायचे. पाणी लागलं की पक्की होते.

फोन वाजतो.

“सर, निकाल झाला का?”

“झालाय. पहिली रेवती उगले,” मी म्हणतो. माझा अंगठा जांभळा झालाय. “आणि निकालाबरोबर छापायला एक मजकूर देतो. लिहून घ्या. खाली नाव माझं घाला.”