रुमालाची जागा

विमानापर्यंत नेणाऱ्या बसमध्ये एक काकू घाईघाईने चढल्या, बसल्या आणि शेजारच्या सीटवर त्यांनी रुमाल टाकला, एसटीत टाकतात तसा.

मी हसून म्हणालो, "काकू, दोन मिनिटांचा तर प्रवास!"

"असू दे. हे मागून येतायत, गुडघे दुखतात त्यांचे."

बस गच्च भरली. बॅगा सांभाळत माणसं उभी राहिली, पण त्या चुरगळलेल्या रुमालावर कुणी बसलं नाही. कुणीतरी यायचं आहे, एवढंच तो रुमाल सांगत होता आणि परक्या माणसांना तेवढं पुरत होतं. काका काठी टेकत आले, तेव्हा गर्दीने आपणहून वाट दिली.

विमानाशी उतरताना काकूंनी रुमाल झटकून पुन्हा हातात घेतला.

"अहो, तुम्ही सावकाश या," त्या काकांना म्हणाल्या, "मी पुढे होऊन जागा धरते."