गुडघ्याखालची कॉफी

पाश्कचा बाप दोन वर्षं गुडघ्याखालून कॉफी प्यायला होता. त्याच्या घरी जेवून निघालेल्या पाहुण्याला कुणीतरी वाटेत ठार मारलं. पाहुण्याला जपणं म्हणजे त्या मुलखात यजमानानं दिलेला शब्द; तो मोडला, आणि बापानं त्याचा बदलाही घेतला नाही. तेव्हापासून लग्न असो की मयत, इतरांना कप छातीसमोरून मिळायचा. बापाची पाळी आली की वाढणारा आपला गुडघा उचलायचा आणि त्याखालून कप पुढं सरकवायचा. तोंडानं कुणी काही बोलत नसे. बोलायचं राहिलंच काय! लहानग्या पाश्कनं ते पाहिलं आणि पुढं आयुष्यभर शब्द जपून दिला.

म्हणून तर उत्तर अल्बेनियातल्या त्या डोंगरी गावानं त्याला प्रमुख केलं.

दामदुपटीच्या बुडव्या योजनांनी लोकांची पुंजी गिळली, सरकार कोसळलं, त्या वर्षी शस्त्रागारं लुटली गेली. घराघरात बंदुका आल्या. कुणी लुटून आणली, कुणी बाजारात मेंढी देऊन घेतली. पुढं एका लग्नात हौसेनं उडवलेली गोळी पाश्कच्या सुनेच्या मांडीत घुसली. पोर जन्माची लंगडी झाली. गावातल्या बंदुका जाव्यात, एवढंच मग त्याच्या डोक्यात राहिलं.

नवं सरकार आलं, आणि एक दिवस फौजदार त्याच्या ओट्यावर येऊन बसला.

"बंदुका आणून द्या. कुठून आणल्या, कुणी विचारणार नाही. वर गावाला नळ."

"हा शब्द कुणाचा?"

"सरकारचा."

पाश्क खो खो हसला. "साहेब, सरकारच्या शब्दावर इथं कुणी शेळीसुद्धा देत नाही."

"मग तुम्ही द्या तुमचा."

आणि पाश्कनं दिला. अंगणात सून पाय ओढत चालली होती ना! चौकात पहिली बंदूक त्यानं स्वतःची ठेवली, मग दारोदार फिरला. विधवा द्रांदे मात्र ऐकेना.

"दादा, घरात पुरुषमाणूस म्हणजे माझा हा एकटा पोरगा, लेश. नवऱ्यानं विकत घेतलेली ती बंदूक आहे, म्हणून लोक वचकून आहेत."

"पोराला कुणी हात लावणार नाही. बेसा."

बेसा म्हटल्यावर विषय संपला. त्या डोंगरात दिलेल्या शब्दाला कागद लागत नाही.

"सरकार कोण, मला ठाऊक नाही. मी तुम्हाला देतेय," ती म्हणाली, आणि पुसून, फडक्यात गुंडाळून तिनं बंदूक त्याच्या हातात ठेवली.

शहरात बँड वाजला, मंत्र्याचं भाषण झालं, बुलडोझरनं बंदुकांचा चुरा केला. नळही आला. पाणी नाही आलं.

मग निवडणूक झाली, माणसं बदलली. गरज सरो, वैद्य मरो! द्रांदेच्या बंदुकीचा नंबर म्हणे एका शस्त्रागारातला निघाला, आणि तिथं लुटीत पहारेकरी मेला होता. लेशला शेतातून उचललं. "बापानं बाजारातून घेतली होती," तो सांगत राहिला. पण बाप मेलेला, साक्ष कोण देणार?

पाश्क शहरात गेला. खुर्चीत नवा फौजदार होता.

"माफीचा शब्द कुणी दिला होता?"

"याच खुर्चीतल्या माणसानं."

"तो गेला. आणि गावात कुणी दिला?"

"मी."

"मग मला काय विचारता, आजोबा?"

पाश्क तोंडघशी पडला. जुन्या रीतीनं, शब्द मोडायला लावणाऱ्याला गोळी घालायची. पण त्याची बंदूक बुलडोझरखाली गेली होती, आणि असती तरी त्यानं उचलली नसती. गावात बंदुका मनापासून नको असलेला तेवढा एकच माणूस होता. नेमकी त्याचीच ही गत केली मेल्यांनी.

लेशला नऊ वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी ते सांगायला पाश्क स्वतः द्रांदेकडे गेला. ती रडली नाही. तिनं त्याला चुलीजवळच्या मानाच्या जागी बसवलं, कॉफी उकळली.

"दोन चमचे साखर घातलीय, दादा. तुम्हाला गोड लागते, विसरले नाही मी."

मग ती त्याच्यासमोर बसली, गुडघा उचलला आणि त्याखालून कप पुढं केला. सरकवताना थोडी कॉफी बशीत सांडली.

पाश्कनं कप दोन्ही हातांनी घेतला. शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, आणि बशीतलीही.