बाईंच्या दाराला बेल नाही

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते केमिस्ट्रीच्या बाईंचे. खानदेशातल्या तालुक्याच्या शाळेतून दहावी होऊन मी सुरतेला वडिलांकडे आलो. वडील पर्वत पाटिया भागात कापडाचा लूम चालवायचे. बाई निवृत्त शिक्षिका, नानपुऱ्यात एकट्या राहायच्या. वडिलांच्या ओळखीच्या एकाने मला त्यांच्या दारात नेऊन उभं केलं आणि मी बी.एस्सी. होईपर्यंत त्यांनी मला शिकवलं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी मी चूक केली. चौकटीवर एक छोटी, तिरपी, पितळी डबी होती. बेल समजून मी ती दाबली. पुन्हा दाबली. बाईंनी दार उघडलं. म्हणाल्या, "ती वाजत नाही. कडी वाजवत जा." मला वाटलं, बिघडली असेल.

शनिवारी शिकवणी नसायची. घरी सांगितलं, तर आईला लगेच उमगलं. "मारुतीना शनवार धरतस बाई," ती म्हणाली आणि पुढच्या शुक्रवारी तिने तेलाची बाटली आणि रुईच्या पानांचा हार माझ्या हाती दिला. बाईंनी दोन्ही वस्तू उलटसुलट पाहिल्या आणि हसल्या. "तेल ठेवते, आज संध्याकाळीच दिवा लावायचाय. हार मात्र तुमच्या देवळात दे." आई खूश झाली. मीही.

पुढे मला कडोदऱ्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये, कापड रंगवण्याच्या कारखान्यात, लॅबमध्ये नोकरी लागली. तिथून युनियन आणि युनियनमधून डाव्या पक्षाची शाखा. मराठी पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे आलं. प्रत्येक पत्रक छापायला जाण्याआधी मी बाईंकडे न्यायचो. त्या लाल पेन्सिल घेऊन बसायच्या. "अशुद्ध लिहिलेली क्रांती कोणी मनावर घेत नाही," असं म्हणायच्या.

गाझामध्ये लहान मुलं मरत होती, तेव्हा शाखेने सभा ठरवली. हिंदी पत्रक वरून आलं होतं. त्यात 'इस्रायली हुकूमत', म्हणजे इस्रायलचं सरकार, असं होतं. आमचे सेक्रेटरी, लूमवरून निवृत्त झालेले आप्पा, म्हणाले, "आपला लोकेसले इस्रायल काय समजाव नही. यहूदी लिख. एक शब्द, सोपा."

मी लिहिलं. 'यहूदी लहान मुलांना मारत आहेत.' ही ओळ लिहिताना मला काहीच वाटलं नाही, हे कबूल करायला हवं. मी कधी यहूदी पाहिला नव्हता, अशी माझी समजूत होती.

बाईंनी पत्रक वाचलं. दोन वेलांट्या दुरुस्त केल्या. मग एका शब्दाभोवती लाल गोल केला.

"हे कोण?"

"ते... तिकडचे लोक, बाई."

"मी इकडची आहे," त्या म्हणाल्या.

बाई स्वतः यहूदी आहेत, हे मला कळायला वेळ लागला. त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. चौकटीवरच्या त्या डबीत त्यांच्या प्रार्थनेचा कागद होता. त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी, त्यांच्या धर्माच्या विश्रांतीच्या दिवशी, तो बंद ठेवायचे, म्हणून गावातले लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. आईने नेमकं तेलच पाठवलं म्हणून त्या तेव्हा हसल्या होत्या.

मला एकदम शंभर प्रश्न सुचले. मी विचारत सुटलो. बाई आधी रागावल्या नाहीत. बहीण तरुणपणीच इस्रायलला राहायला गेली, म्हणाल्या. तिचा एक नातू सैन्यात आहे, तर एक नात लढाई थांबवा म्हणून मोर्चात जाते. "सरकारवर लिही. कडक लिही. त्या मुलांचे फोटो पाहून मलाही जेवण जात नाही. यावरून मी बहिणीशी फोनवर भांडते. तिकडून ओलीस नेलेल्या लोकांसाठीही एक ओळ लिहिलीस तर बरं. पण हा शब्द म्हणजे सरकार नाही. हा शब्द म्हणजे मी."

"पण बाई, मला तसं म्हणायचं नव्हतं."

"तेच तर," त्या म्हणाल्या आणि पत्रक माझ्याकडे सरकवलं. "आज इथेच थांबू."

इतक्या वर्षांत त्या असं कधी म्हणाल्या नव्हत्या. दार बंद झाल्यावर मी जिन्यात उभा राहिलो. ते दार पुन्हा उघडेल की नाही, हे मला समजत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाखेत मी शब्द बदला म्हणालो. आप्पा चिडले. "तू आते माले शिकाडस का? एक बाईसाठी पार्टीनी लाइन बदलानी?"

"लाइन तीच राहू द्या, आप्पा. हिंदीत आहे तेच मराठीत लिहू."

एक कॉम्रेड हसत म्हणाला, "किसने खरीदा तुझे, भाई? उन लोगों का पैसा तो सब जगह चलता है." सगळे हसले. आदल्या दिवसापर्यंत मीही त्यांच्याबरोबर हसलो असतो.

मी आप्पांना लॅबमधली गोष्ट सांगितली. दोन कापडं ट्यूबलाइटखाली अगदी एका रंगाची दिसतात. उन्हात नेली की एक लालसर पडतं. म्हणून आम्ही रंगाची शेड दोन्ही उजेडांत बघतो. "'सरकार' आणि 'यहूदी' आपल्याला इथं सारखे दिसतात. बाईंच्या घरात दिसत नाहीत."

आप्पांनी आयुष्य कापडात काढलं होतं. त्यांनी पत्रक उचलून उजेडात धरलं. "तुन्ही बाई खरंच यहूदी शे?"

"हो."

"आनि मराठी बोलतस?"

"माझ्यापेक्षा चांगली."

"बदल मंग," ते म्हणाले. पत्रक बदललं.

पण सभेत बाहेरून आलेल्या वक्त्याने तोच जुना शब्द वापरला, तीनदा. पहिल्या वेळी लोकांबरोबर मीही टाळी वाजवली. दुसऱ्या वेळी हात आपोआप वर आले आणि मधेच थांबले. शेजारी आप्पा हात मांडीवर ठेवून बसले होते. सभा संपल्यावर मी घरी जाऊन हे पत्र लिहिलं.

आदरणीय बाई,

सा. न.

पत्रकातला शब्द बदलला. बदललेली प्रत सोबत आहे, ओलीस नेलेल्यांची ओळही घातली आहे. सरकारवर जे लिहिलं होतं ते तसंच ठेवलं, कारण ते मला आजही पटतं.

मात्र सभेत तोच शब्द आला, तेव्हा मी एकदा टाळी वाजवली. तुम्हाला कोणी सांगणार नाही, म्हणून मीच सांगतो. ती टाळी नेमकी कशासाठी होती, मेलेल्या मुलांसाठी की त्या शब्दाच्या सोपेपणासाठी, हे मला अजून उलगडलेलं नाही. तुम्हाला विचारायचं आहे. आणि तुमच्या बहिणीशी तुमचं काय भांडण होतं तेही, सांगावंसं वाटलं तर.

आईला शनिवारचं खरं कारण सांगितलं. ती म्हणते, तेल तरी बरोबर पोचलं ना.

पत्रात चुका असतील. लाल पेन्सिल जवळ ठेवावी.

रविवारी सकाळी येतो. कडी वाजवीन.

तुमचा विद्यार्थी