राजे, संसद आणि आमचा मंगळवारचा वर्ग

लग्नानंतर हॅनोव्हरला आले तेव्हा मला भाजी-ब्रेड घेण्यापुरतंच जर्मन येत होतं. आमचे हे यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर. कंपनी ह्यांना सारखी दुसऱ्या शहरांतल्या कारखान्यांत पाठवायची. सोमवारी बॅग घेऊन निघायचे ते शुक्रवारी यायचे. मधले दिवस मी आणि तो तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. शेजारच्या बाई जिन्यात भेटल्या की ‘हालो’ म्हणायच्या, मीही ‘हालो’ म्हणायचे. कधीकधी संध्याकाळी लक्षात यायचं, आज दिवसभरात आपण तेवढा एकच शब्द बोललो. मग कपाटावरच्या बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून मी वंदना जरा मोठ्यानेच म्हणायचे. आपला आवाज ऐकून बरं वाटायचं.

एका शनिवारी मी ह्यांना म्हटलं, “अहो, मला कुठेतरी जायला हवं. नाहीतर मी भिंतींशी बोलायला लागेन.”

“फोल्क्सहोखशूलमध्ये बघ ना,” हे म्हणाले. “मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचे वर्ग असतात तिथे.”

जर्मनचा वर्ग भरून गेला होता. खिडकीतल्या बाईंनी माझा पडलेला चेहरा पाहिला आणि यादीतल्या दुसऱ्या एका वर्गावर बोट ठेवलं. इंग्लंडचा इतिहास, राजे आणि संसद, शिकवण्याची भाषा इंग्रजी. औरंगाबादला मी इतिहास घेऊन बी.ए. केलं होतं. हाच विषय गाइडमधून पाठ करून परीक्षेत ओकला होता आणि निकालानंतर विसरलेही होते. पण तिथे माणसं असतील, ती मला कळेल अशा भाषेत बोलतील, एवढंच मला हवं होतं.

शिकवणारे सर इंग्रज होते, पंच्याहत्तरीच्या पुढचे. युद्ध संपल्यावर सैनिक म्हणून ते ह्या भागात आले, तेव्हा हॅनोव्हर म्हणजे नुसता विटांचा ढीग होता. त्या ढिगातून वाट काढत रोज कामाला जाणाऱ्या एका जर्मन मुलीशी त्यांनी लग्न केलं आणि इथेच राहिले. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. सरांच्या बाई आदल्या वर्षी वारल्या होत्या. सर उत्तर इंग्लंडचे, शब्द गिळून बोलायचे. पहिल्या दिवशी मला त्यांचं अर्धंच कळलं. पण मला तरी दुसरं काय काम होतं? ऐकत राहिले, आणि हळूहळू कान बसला.

ते सनावळ्या सांगतच नसत. राजाला लढाईसाठी पैसा हवा असला की तो संसद बोलवायचा, संसद तक्रारी मांडायला लागली की तिला घरी पाठवायचा. एकदा राजाचा हुकूम आला की सभा संपवा. सभापती उठायला लागले तर सभासदांनी त्यांना धरून खुर्चीतच दाबून बसवलं, कारण सभापती उठले की सभा संपली. हे सांगताना सर स्वतः खुर्चीतून उठायची धडपड करून दाखवायचे आणि आम्ही हसायचो. पुढे संसदेशी लढाईत हरल्यावर त्याच राजाला थंडीच्या दिवसांत वधस्तंभाकडे नेलं, तेव्हा त्याने दोन सदरे मागून घेतले. गारठ्याने अंग कापलं तर लोक म्हणतील राजा भ्याला. हे ऐकताना मात्र कोणी हसलं नाही.

त्या संध्याकाळी सरांनी मला विचारलं, “तुमच्या देशात मत कोणाला देता येतं?”

“सगळ्यांना. पहिल्या निवडणुकीपासून,” मी म्हणाले. “माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. गावच्या विहिरीवर तिला घागर बुडवू देत नसत, वरून कोणी पाणी ओतलं तर घ्यायचं. पण मत द्यायला ती रांगेत उभी होती. विहीर तिला नंतर मिळाली, मत आधी.”

सरांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, “आमच्याकडे राजा हरला, संसद जिंकली. पण माझ्या आजीचे आजोबा खाणीत कोळसा फोडत होते. त्यांना मत नव्हतं. जिंकलेल्या संसदेत त्यांचं कोणी नव्हतं.”

त्या दिवसापासून ते माझ्याशी वेगळ्या तऱ्हेने बोलायला लागले. मी विद्यार्थिनी उरले नाही म्हणा ना.

हिवाळा वाढला तशी माणसं गळायला लागली. शेवटी आम्ही तिघंच उरलो आणि ऑफिसने वर्ग बंद केला. सर म्हणाले, “आल्झो, तर मग त्यांनी सभा बरखास्त केली. पण आपण उठायचं नाही.” मग दर मंगळवारी आम्ही कोपऱ्यावरच्या बेकरीत भेटायला लागलो. थोड्या दिवसांनी तिसरे गृहस्थही येईनासे झाले. दोन कप कॉफी आणि इंग्लंडचे राजे. एक राजा पळून गेला आणि संसदेने त्याच्या मुलीला आणि जावयाला गादीवर बसवलं, इथवर आम्ही आलो. पुढचा धडा ह्याच शहराचा होता. इंग्लंडच्या संसदेने जवळचे कितीतरी वारस बाजूला सारून हॅनोव्हरच्या घराण्यातला राजा निवडला. “तो मी तुला त्याच्या बागेत उभा राहून सांगेन. बर्फ वितळू दे,” सर म्हणाले होते.

नंतर लागोपाठ दोन मंगळवार ते आले नाहीत. फोन कोणी उचलेना. एकदा त्यांच्या घरी चहाला गेले होते, म्हणून घर माहीत होतं. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी हातवारे करून समजावलं. पक्षाघाताचा झटका आला, हॉस्पिटलमध्ये नेलंय.

वॉर्डातल्या नर्सला मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं की त्यांची विद्यार्थिनी आहे. तिने माझा हातच धरला. मला उमजलं ते असं: त्यांना बोलता येतंय, पण जर्मन एक शब्द येत नाही. आम्ही बोललेलं कळतही नाही. इंग्रजी बोलतात, तेही आमच्या डॉक्टरांना समजत नाही.

सर खिडकीकडे तोंड करून पडले होते. उजवा हात पांघरुणावर नुसता ठेवल्यासारखा. मला पाहून डोळे भरले. ओठ एका बाजूला ओढले गेले होते, पण शब्द गिळणं तेच होतं, आणि मला कळलं. त्यांना खिडकी उघडी हवी होती. सूप नको होतं. पाय दुखत होता. मी एकेक गोष्ट नर्सला सांगत गेले. व्याकरणाची पार वाट लागली होती, पण ती “गेनाऊ, गेनाऊ”, बरोबर, बरोबर, म्हणत मान डोलवत होती. त्या शहरात आपल्या बोलण्याने कोणाचं काही काम झालं, असं पहिल्यांदाच घडत होतं.

नर्स गेल्यावर सर म्हणाले, “मी रोज तिच्याशी बोलायचो. ती गेल्यावरसुद्धा. सकाळी चहा करताना.”

“कोणाशी, सर?”

“बायकोशी. आम्ही सगळा जन्म जर्मनमध्येच बोललो. आता तिच्याशी बोलायला गेलो की शब्दच नाहीत.”

मी त्यांचा डावा हात धरून बसले. अनेक वर्षांचा संसार ज्या भाषेत झाला ती भाषाच कोणीतरी उचलून नेली होती. फ्लॅटमधलं माझं एकटेपण मला त्यापुढे फार लहान वाटलं. तरी घरी आल्यावर रडले ते थोडं स्वतःसाठीही होतं.

मी रोज जायला लागले. येत होते तेवढे शब्द त्यांना शिकवू लागले. ब्रोट म्हणजे ब्रेड, वास्सर म्हणजे पाणी, फेन्स्टर म्हणजे खिडकी. माझे उच्चार चुकीचे आहेत हे त्यांना जाणवायचं, पण बरोबर काय ते आठवायचं नाही, आणि ते वैतागून उशीवर हात आपटायचे. लायब्ररीतून वाचून राहिलेला धडाही मीच सांगितला. हॅनोव्हरचा राजा लंडनला गेला, पण त्याचं मन तिथे रमेना. इंग्रजी धड येईना. कारभार मंत्र्यांच्या हाती जात गेला, आणि तो संधी मिळाली की इकडे पळून यायचा.

“बिचारा,” सर म्हणाले. वर्गात त्यांनी कुठल्याही राजाची कीव केली नव्हती.

मार्चमध्ये त्यांचा पुतण्या आला, भला माणूस. त्याने सरांना इंग्लंडला न्यायचं ठरवलं. “तिथे निदान बोलतील सगळ्यांशी,” तो म्हणाला. सरांनी मला विचारलं, “तिची कबर इथे आहे. तिच्याकडे कोण बघेल?” मी म्हटलं, मी जाईन. अॅम्ब्युलन्समध्ये चढवताना ते माझ्याकडे बघून एकच जर्मन शब्द बोलले. “फेन्स्टर.” कदाचित ‘डांके’, म्हणजे आभार, म्हणायचं असेल. मी मान हलवली.

पुढच्या हिवाळ्यात पुतण्याचा फोन आला, ते गेल्याचा. शेवटपर्यंत जर्मन परत आलं नाही. तोवर मला जर्मनच्या वर्गात जागा मिळाली होती, आणि पुढे दोन वर्षांनी त्याच हॉस्पिटलमध्ये परदेशी पेशंटांसाठी बोलायचं कामही. हे अजून सोमवारी जातात, शुक्रवारी येतात. महिन्यातून एकदा मी कबरस्तानात जाते, बाईंच्या दगडावरची पानं झाडते आणि त्यांना जर्मनमध्ये काहीबाही सांगते. हवा कशी आहे, ट्राम का उशिरा आली. व्याकरण अजून चुकतं.