दह्याच्या डब्यातली वांगी

अमेरिकेत, हर्नडनला आमच्या अपार्टमेंटच्या लाँड्री रूममध्ये, फेब्रुवारीत, खिडकीपाशी एक मावशी दह्याच्या रिकाम्या डब्यांत वांग्याची रोपं वाढवायच्या. लेकीकडे आलेल्या. नाव मी कधी विचारलं नाही. ड्रायर फिरत असताना त्या रोपांवरून हलकेच तळहात फिरवत बसायच्या.

"घरात वारा नसतो ना. असं केलं की खोड जाड होतं."

"वांगी लागली की भरीत करणार?" मी विचारलं.

"छे गं, मेमध्ये माझं परतीचं तिकीट आहे."

मग एवढा खटाटोप कशाला, मला कळेना. तेवढ्यात डब्यांत खोचलेल्या आइस्क्रीमच्या काड्या दिसल्या. प्रत्येकीवर एकेका घराचा नंबर होता. एक माझ्या घराचा.

"दर शनिवारी वाकून बघतेस," त्या म्हणाल्या, "म्हणजे पाणीही घालशील."